आगटीचं लाकूड

१

लटारूचा उजवा अंगठा सरकारजमा आहे, असं गावातले लोक गमतीनं म्हणत. गंमत होती, पण अगदीच खोटी नव्हती. दिवाळी उलटली, थंडी चढली की आमच्या चांद्याकडचं जंगल हळूहळू उघडं पडतं. पूस-माघात बघाल तर साग, ऐन, धावडा, लेंडिया, सगळे हाडं काढून उभे. पान असलं की कोणीही नाव सांगेल हो, त्यात काय अक्कल, असं लटारूच म्हणायचा! पण जंगलखात्याचा कूप, म्हणजे तोडीला काढलेला रानाचा तुकडा, नेमका याच दिवसांत तुटायचा आणि नाकेदाराला वहीत प्रत्येक झाडाचं नाव हवं असायचं. मग लटारू पुढे व्हायचा. सालीवर अंगठा फिरवायचा, नखानं खरवडून आतला रंग पाहायचा, हुंगायचा, शेवटी एखादी डहाळी वाकवून तिच्यावरचे कोंबांचे डोळे कसे बसलेत, आमनेसामने की एकाआड एक, ते बघायचा. आणि नाव सांगायचा. पंचवीस वर्षांत त्यानं सांगितलेलं एकही नाव खोडावं लागलं नव्हतं.

गावातल्या बाया त्याची परीक्षा घ्यायच्या. मोळीतली काटकी पाठीमागून त्याच्या हातात द्यायच्या, "सांगा भाऊ, न पाहता." हा अंगठा फिरवून म्हणायचा, "मोई व्हय. धूर करंल, डोये फोडंल. फेक." एकदा शेजारच्या पोचूच्या बायकोनं मुद्दाम घरातल्या रवीचा दांडा दिला. लटारू म्हणाला, "भिऱ्याचा व्हय. अन् याले लोणी कमी, पाणीच जास्त लागलं हाये." महिनाभर ती बाई त्याच्याशी बोलली नाही.

ही विद्या बापाची, इतवारीची. इतवारीनं दोन गोष्टी बजावल्या होत्या. साल, आतला रंग, वास आणि डहाळी, चारही एकच नाव सांगत असतील तरच ते नाव घ्यायचं. आणि ज्याचं नाव घेता येत नाही, ते लाकूड घरच्या विस्तवात घालायचं नाही. नाव आलं नाही असं लटारूच्या बाबतीत कधी झालंच नव्हतं, त्यामुळे दुसरी गोष्ट पाळायला त्याला कधी कष्ट पडले नाहीत.

कष्ट पडले ते वेगळ्याच गोष्टीचे. आमच्याकडे बाळंतिणीच्या खोलीत आगटी पेटवतात. बाजेच्या पायथ्याशी जमिनीत खळगा करायचा, त्यात विस्तव ठेवायचा आणि बारा दिवस विझू द्यायचा नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि आगटीचं लाकूड बापानं आणायचं. थोरली पोरगी सुगंधा माहेरी आली तेव्हा बाप बारा कोसांवर कुपात होता. शेजाऱ्यांनी लाकूड आणलं, आणलं ते मोईचं, तेही ओलं. धुरानं पोरगी गुदमरायला लागली म्हणून आगटी विझवली. चौथ्या दिवशी "थंडी वाजते, थंडी वाजते" म्हणत सुगंधा गेली आणि मागोमाग तिचं बाळ. साऱ्या मुलखाची लाकडं ओळखणाऱ्याच्या घरात कोणीतरी न ओळखता मोई जाळली होती. सहा वर्षं झाली, लटारूच्या छातीवरचा तो धोंडा काही उतरला नाही.

आता एकटी धाकटी वच्छला उरली होती. लहानपणी कानातली बाळी बोरीच्या काट्यात अडकून तिच्या डाव्या कानाची पाळी फाटली होती. ती पुन्हा जुळली नाही, खाली खाच राहिली. लटारू येताजाता त्या खाचेवर अंगठा घासून म्हणायचा, "माया मालावर मार्का हाये. हरवत नाई." ती चिडायची, मग हसायची. जवाई माजरीला कोळशाच्या खाणीत कामाला. वच्छला पोटुशी होऊन माहेरी आली तेव्हा लटारूनं दिवाळीतच मांडीएवढा जाड धावडा पाडून ठेवला. धावड्यासारखं जळतण नाही: धूर नाही, ठिणगी नाही, निखारा तासन् तास टिकतो. माघापर्यंत खडखडीत वाळेल आणि पोरीचे दिवसही तेव्हाच भरतील, असा त्याचा अंदाज होता.

२

अंदाज चुकला. चोपन्न सालच्या पुसात, महिनाभर आधीच, एका पहाटे वच्छलाच्या कळा सुरू झाल्या. लटारूची बायको गुणाबाई दारात येऊन म्हणाली, "लाकूड पाहा. दुपारपर्यंत होते मोकळी."

लटारूनं धावड्यावर कुऱ्हाड टाकली. घाव ओला. आतून अजून थंड ओल हाताला लागत होती. जंगलखात्याच्या डेपोतलं वाळलेलं सगळं लाकूड आठवड्यापूर्वी चांद्याकडे गेलं होतं. घरोघरी होत्या त्या काटक्याकुटक्या. त्यांवर आगटी बारा दिवस निघत नाही. त्यानं शेजारच्या पोचूला हाक मारली आणि पोचूची बंडी जुंपून दोघं जंगलात निघाले.

जमीनदारी गेल्यावर जुन्या जमीनदाराचं राखीव रान सरकारात आलं होतं. यंदा पहिल्यांदा तिथं कूप पडायचा होता, त्यामुळे तिथं वाळकं लाकूड भरपूर असणार. नाल्याच्या पलीकडे दोघांना ते झाड दिसलं. एका बुडातून दोन खोडं निघालेली, दोन्ही उभ्याउभ्या वाळलेली. लटारूनं कुऱ्हाडीचा तुंबा, मागची बोथट बाजू, मारून पाहिला. भांड्यासारखा खणखण आवाज आला. याहून वाळलेलं लाकूड मागूनही मिळालं नसतं.

त्यानं सवयीनं अंगठा ठेवला. साल फिकट, गुळगुळीत, पापुद्रे सुटणारी. धावडा. नखानं खरवडलं तर आत रंगच नव्हता. पांढरा नाही, लाल नाही, काळा नाही. मेलेल्या झाडाचा रंग उडतो, असं त्यानं मनाला सांगितलं. हुंगलं. कसलाच वास नाही. थंडीनं नाक चोंदलं असेल. मग त्यानं एक डहाळी वाकवली. एका अंगानं पाहिली तर डोळे आमनेसामने होते, उलटून पाहिली तर एकाआड एक. असं झाड नसतं. त्यानं दुसरी डहाळी पाहिली, तिसरी पाहिली. तेच.

"कोणचं व्हय गा भाऊ?" पोचूनं विचारलं.

लटारूनं पुन्हा सालीवर अंगठा फिरवला. पंचवीस वर्षांत या प्रश्नावर त्याला दुसऱ्यांदा अंगठा फिरवावा लागला नव्हता. दुसरं झाड शोधायला तास गेला असता. घरी पोरगी कळा देत होती. आणि खरं सांगायचं तर 'मले ओळखू येत नाई' हे शब्द त्याच्या तोंडातून निघेनात. पोचूसमोर तर नाहीच नाही.

"धावडा," तो म्हणाला.

पोचूनं मान डोलावली. लटारूनं म्हटलं म्हणजे संपलं. दोघांनी मिळून दोनांतलं एक खोड पाडलं, सात हातांचा ओंडका तोडून बंडीत घातला आणि बैल हाकलले.

३

दुपारी वच्छला मोकळी झाली. मुलगी झाली. गोंडांच्या टोल्यावरून, म्हणजे वस्तीवरून, सुईण आली होती, सुकरी, साठीची बाई, या गावातली निम्मी माणसं तिच्या हातून जगात आलेली. ती बाहेर येऊन म्हणाली, "लहान हाये, पण रडते जोरात. जगंल."

ओंडका लावायची पद्धत ठरलेली होती. एक टोक आगटीच्या खळग्यात, दुसरं टोक उंबरठ्यावरून बाहेर छपरीत. आतलं टोक जळत जाईल तसं बापानं रोज सकाळी बाहेरून वीतभर पुढे ढकलायचं. बारा दिवस सुवेर. पुरुषानं उंबरठा ओलांडायचा नाही. म्हणून पोरीची जी काही सेवा बापाच्या हातून व्हायची, ती या लाकडातूनच. लटारूनं उंबरठ्याच्या बरोबर वर ओंडक्यावर गेरूची रेघ ओढली, म्हणजे रोज किती आत गेला ते कळेल.

विस्तव झटक्यात धरला. गुणाबाई आतून म्हणाली, "बाई बाई, फुंकरही नाई घालावी लागली!" खोलीला खिडकी नव्हती. दाराच्या फटीतून लटारूला फक्त तांबूस उजेड दिसत होता आणि बाजेचा एक पाय. त्याला बरं वाटलं. सहा वर्षांत पहिल्यांदा बरं वाटलं, म्हणा ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं विचारलं, "ढकलू का वो?"

"राहू द्या. हाये तसाच हाये निखारा."

तिसऱ्या दिवशीही गुणाबाई तेच म्हणाली. वर कौतुकानं म्हणाली, "असं लाकूड मी जन्मात नाई पाह्यलं. धूर नाई, काई नाई. पोरगी कशी ऊबेत झोपून हाये." लटारू छपरीत उकिडवा बसून गेरूच्या रेघेकडे बघत राहिला. रेघ उंबरठ्यावरच होती. धावडा कितीही चांगला असला तरी दोन दिवसांत वीत-दोन वीत जातोच. हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं?

त्या दिवशी सुकरी बाळाच्या बेंबीला लावायला आगटीची राख घ्यायला आली. आत गेली ती लगेच बाहेर आली. हात रिकामे.

"लटारूभाऊ, राख कुठी हाये? खळगा कसा सारवल्यावानी साफ हाये."

"चांगलं वाळलं लाकूड हाये. राख कमीच पडते."

"कोणचं व्हय?"

सांगायची हीच वेळ होती. ही बाई जंगलात जन्मलेली, तिला लाज वाटण्यासारखं त्यात काही नव्हतं. लटारू म्हणाला, "धावडा."

"धावड्याची तं टोपलंभर राख पडते, भाऊ."  मग सुकरी आपल्या घरी गेली आणि आपल्या चुलीतली चिमूटभर राख पदरात बांधून घेऊन आली.

४

पाचव्या दिवशी गुणाबाई सकाळच्या उन्हात बाळंतिणीची गोधडी झटकत होती. झटकली की पिठासारखं काहीतरी उडायचं. लटारू गाईला पाणी दाखवून येत होता, तो थांबला.

"काय उडून राह्यलं ते?"

"राख. रोजच निंघते. आगटीतून उडत असंल."

"आगटीत तं राख नाई म्हणत होती सुकरी."

"मंग कुठून येईल, माया अंगातून?" गुणाबाई चिडली. दोन-चार रात्रींचं जागरण होतं बिचारीला. तिनं गोधडी वाळत टाकली आणि आत गेली.

लटारूनं गोधडीवर बोट फिरवलं. राखही तो ओळखायचा. धावड्याची पांढरी आणि मऊ, ऐनाची जरा खरखरीत, पळसाची हलकी. ही करडी होती, हळदीसारखी बारीक, आणि किंचित कोमट. बाहेर इतकी थंडी की तोंडातून वाफ निघत होती, आणि बोटावरची राख कोमट. त्यानं गोधडी उलटून पाहिली. वरच्या बाजूला कण नव्हता. राख होती ती आतल्या बाजूला, अंगाला लागते तिथं.

आगटीतली राख उडाली तर वर पडेल. आत कशी जाईल? पोरगी कूस बदलत असेल, पदराबरोबर जात असेल, बाईमाणसाच्या हातानं जात असेल, अशी चार कारणं त्यानं शोधली. चारही त्याला पटली नाहीत, पण पाचवं शोधायची हिंमत झाली नाही. दारापाशी येऊन त्यानं हाक मारली, "वच्छे, कसं वाटते गं?"

"बरं वाटते, बा." आवाज कोरडा होता, पाचोळ्यावरून पाय गेल्यासारखा. "मले थंडी बिलकूल नाई वाजत."

हे ऐकलं आणि त्याचे डोळे भरून आले. थोरली शेवटपर्यंत काय म्हणत होती ते गुणाबाईनं त्याला सांगितलं होतं. धाकटीला थंडी वाजत नव्हती. आणखी काय पाहिजे होतं एका बापाला? तो जे बोलायला आला होता, ते गिळून परत गेला.

५

सहाव्या दिवशी गेरूची रेघ उंबरठ्याच्या चार बोटं बाहेर होती.

येताजाता कोणाचा पाय लागून ओंडका मागे सरकला असेल. लटारूनं वाकून आतलं टोक दिसतं का पाहिलं. टोक खळग्यात तसंच होतं, उजेडही तसाच. मागे सरकला असता तर टोक खळग्याबाहेर आलं असतं. सातव्या दिवशी रेघ वीतभर बाहेर आली. छपरीतलं टोक आदल्या दिवशी खांबाच्या अलीकडे होतं, ते आता खांबाला टेकलं होतं. त्यानं दोरी लावून ओंडका मोजला. तोडला तेव्हा सात हात होता. आता साडेसात हात भरला.

"माप चुकलं असंल," तो मोठ्यानं म्हणाला, आजूबाजूला कोणी नसताना.

मग त्यानं बाहेरच्या टोकाकडे पाहिलं. तिथं त्यानं आणि पोचूनं घातलेले कुऱ्हाडीचे घाव होते, चांगले बावीस-तेवीस. आता एकही दिसत नव्हता. चारी बाजूंनी साल आत चालून आली होती, जखमेवर खपली धरते तशी, आणि मधोमध फक्त रुपयाएवढं लाकूड उघडं राहिलं होतं.

त्या दुपारी गुणाबाईनं वच्छलाला अंघोळीला मागच्या वाडीत नेलं. नेलं म्हणजे उचलून नेलं, एकटीनं, काखेत घागर घ्यावी तसं. भरल्या अंगाची पोरगी होती ती. कुडाच्या आडून लटारूला तिचं मनगट दिसलं. केरसुणीच्या काडीएवढं.

"बाळंतीण सुकतेच," गुणाबाई संध्याकाळी म्हणाली. पण आवाजात दम नव्हता. "दूध मात्र हाये. पोर पिऊन झोपते."

"गडचिरोलीच्या दवाखान्यात नेऊ का? पोचूची बंडी हाये."

"ह्या थंडीत? आगटी सोडून? सुगंधाले इसरले काय तुमी?"

 लटारूला सगळं सांगून टाकायचं होतं. पण सांगायचं म्हणजे काय? की थोरलीच्या वेळी दुसऱ्यांनी न ओळखता लाकूड आणलं म्हणून मी सहा वर्षं जळत राहिलो, आणि धाकटीच्या वेळी तेच मी केलं?  उद्या सांगू, असं त्यानं ठरवलं. माणूस उद्यावर टाकतो ना, तसं.

६

आठव्या दिवशी भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना, तो छपरीत ओंडक्याजवळ बसला होता. घर शांत होतं. लाकूड आतून पोकळ आहे की भरीव, हे पाहायला जंगलातली माणसं त्याला कान लावून बोटानं ठोकतात. लटारूनंही तेच करायचं ठरवलं. पोकळ असेल, आतून वाळवी असेल, फुगलं असेल. काहीतरी कारण मिळेल. त्यानं गुडघे टेकले, सालीला कान लावला आणि बोटाची पेरं आपटली.

भरीव. पक्कं भरीव.

आणि ठोकणं थांबल्यावर आतून श्वास ऐकू आला.

तो दचकला नाही. लाकडातून आवाज पुढे जातो, हे त्याला ठाऊक होतं. ओंडक्याचं दुसरं टोक बाजेपाशी आहे, बाजेवर पोरगी झोपली आहे, तिचा श्वास इथपर्यंत येतो. त्याला उलट बरं वाटलं. श्वास संथ होता, मोठा होता. आठ दिवसांत तो पोरीच्या इतक्या जवळ आलाच नव्हता. डोळे मिटून तो ऐकत राहिला.

तेवढ्यात मागच्या वाडीतून पाण्याचा आवाज आला. तांब्या दगडावर टेकला. गुणाबाई म्हणत होती, "डोये मिट, पाणी टाकतो." बाळ कुरकुरलं.

लटारूनं डोळे उघडले. अंघोळ चालली होती. वच्छला वाडीत होती, बाळ वाडीत होतं. दाराच्या फटीतून पाहिलं तर बाज रिकामी होती.

लाकडात श्वास चालूच होता.

त्यानं कान काढला नाही. काढवेना. श्वास आत जायचा, जरा थांबायचा, बाहेर यायचा. मग एकदम लाकडात खोकला आला, बारीक, कोरडा, दोनदा. आणि एक आवंढा गिळायला लागेल एवढ्या वेळानं तोच खोकला मागच्या वाडीतून आला. दोनदा.

७

गुणाबाई पोरीला बाजेवर निजवते न निजवते तोच लटारू उंबरठा ओलांडून आत आला.

"अवो, सुवेर हाये! येड लागलं काय तुमाले?"

"धावडा नोयं तो," लटारू म्हणाला. "मले ओळखूच नाई आलं. मी लबाड बोललो, गुणा. पोचूजवळ लबाड बोललो, सुकरीजवळ लबाड बोललो, तुयाजवळ बी. नाव नाई माईत मले त्याचं."

 त्यानं ओंडक्याला दोन्ही हातांनी मिठी घातली आणि मागे ओढत, पाठमोरा, छपरीत आणला.

आतलं टोक बाहेर उजेडात आलं. त्यावर काळा डाग नव्हता. आठ दिवस अखंड आगटीत राहिलेलं ते टोक गोल, गुळगुळीत, नव्या सालीनं झाकलेलं होतं. गुणाबाईनं खळग्यात पाहिलं, लटारूनं दारातून पाहिलं. खळग्यात एक निखारा नव्हता. कधी असल्याची खूणही नव्हती.

तरी खोली तापलेली होती. तरी भिंतींवर तो तांबूस उजेड होता.

दोघांनी एकाच वेळी बाजेकडे मान वळवली. गोधडीच्या टाक्यांमधून, जिथं कापड विरलं होतं तिथून, उजेड येत होता. राखेखाली निखारा दिसतो तसा. श्वासाबरोबर फुलायचा, मंद व्हायचा. लटारूला तेवढंच दिसलं. कारण बघता बघता तो मंद झाला तो फुललाच नाही, आणि खोलीत अंधार झाला.

"बा," अंधारातून वच्छला म्हणाली, "थंडी वाजते."

गुणाबाईनं टाहो फोडला. "घाला परत! घाला ते लाकूड आत, तुमच्या पाया पडतो! मरते माई पोरगी!"

लटारू ओंडका धरून उभा राहिला. आत घातला तर ऊब होती, आणि गोधडीतली ती राख होती. बाहेर ठेवला तर थंडी होती. त्यानं आत घातला नाही. ते बरोबर केलं की चूक, हे त्याला मरेपर्यंत कोणी सांगू शकलं नाही.

पोचूनं आपल्या घरातलं वाळकं तेंदू आणलं, सुकरी धावत आली. विस्तव पेटला, तडतडला, धूर झाला, खळग्यात राख पडली, जगातल्या कोणत्याही विस्तवासारखी. वच्छलावर चार गोधड्या घातल्या. लटारू तिच्या उशाशी बसला. सुवेराचं आता कोणी नाव काढलं नाही. तिच्या डाव्या कानाच्या खाचेवर तो अंगठा घासत राहिला. कान गार होता आणि कागदासारखा पातळ. तिच्यात फार थोडं उरलं होतं. दिवेलागणीला ते संपलं.

सुकरीनं तिला खाली घेतलं. एका हातानं घेतलं. दुसऱ्या हातात बाळ होतं.

८

तिसऱ्या दिवशी पोचूच्या बंडीत तो ओंडका घालून दोघं निघाले. गावात कोणी तो जाळायला तयार नव्हतं, ठेवायलाही. जिथून आणला तिथं टाकून यायचं, असं लटारू म्हणाला. 

नाला ओलांडला. सगळं रान उघडं होतं, फांद्यांमधून आभाळ दिसत होतं, पायाखाली पाचोळा. वारा होता, पण त्याला हलवायला पान नव्हतं. मग पुढून सळसळ ऐकू यायला लागली.

पोचूनं बैल थांबवले. "अरे बाप्पा! भाऊ, पाह्य ना वर!"

लटारूनं वर पाहिलं नाही. जमिनीवर पडलेली सावली त्याला दिसत होती, दाट, हलती. दोनांतलं जे खोड त्यांनी उभं ठेवलं होतं, नऊ-दहा दिवसांपूर्वी हाडासारखं वाळलेलं, त्याची ती सावली होती. पुसाच्या थंडीत त्याला भरगच्च पानं आली होती. सळसळ वाढायची, जरा थांबायची, ओसरायची. ती लय त्यानं छपरीत गुडघ्यांवर बसून, कान लावून ऐकली होती.

दोघांनी ओंडका उतरवून बुडाशी ठेवला. वाकलेल्या लटारूच्या हातावर एक पान गळून पडलं. हिरवंगार, कोवळं, आणि त्या गारठ्यात कोमट. सवयीनं त्याचा अंगठा त्याच्यावरून फिरला. डाव्या बाजूला, खालच्या कडेला, पान फाटलेलं होतं. लहानशी खाच. कीड लागली असेल. त्यानं खाली पडलेलं दुसरं उचललं. त्यालाही खाच होती, तिथंच, तेवढीच. तिसऱ्यालाही होती.

त्यानं मूठ मिटली.

"आता तं पानं आली," पोचू वर बघत भाबडेपणानं म्हणाला. त्याला बिचाऱ्याला लटारूचं मन जरा दुसरीकडे वळवायचं होतं. "पान असलं का कोनीबी सांगंल, असं तूच म्हणत होता ना गा. सांग ना भाऊ, कोणचं व्हय?"

लटारूचा अंगठा मुठीत त्या खाचेवर हळूहळू फिरत होता.

"मले ओळखू येत नाई, पोचू," तो म्हणाला. "हाकल बंडी."